चढाची चाल, उताराची चाल

हमीदभाई गेल्याची बातमी मला नेपाळमधून कळली. माणूस भोरचा, गेला भोरमध्येच, त्यांचं दुकान माझ्या मंडपाच्या गोडाऊनपासून हाकेच्या अंतरावर, आणि बातमी आली ती सीमेपलीकडून. त्या सकाळी मी राजगडाच्या पायथ्याला, पालीत, एका साखरपुड्याचा मंडप घालत होतो. तिथं मोबाईलची रेंज पाहुण्यासारखी येते आणि जाते. ती आली तेव्हा पहिला फोन वाजला तो दिलबहादूरचा. हा नसरापूरजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात आचारी होता, आता कायमचा नेपाळला, आपल्या गावी परतलेला. "शेठ, हमीदचाचा गये? सलीमने मोबाईल पे लिखा है," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "काहीतरी चूक असेल." सलीम हमीदभाईंचा मुलगा. बापाच्या मरणाबद्दल तो चुकीचं कशाला लिहील? पण तोंडातून गेलं खरं... हातातलं काम माणसांवर सोपवून निघालो. पोचलो तेव्हा जनाजा निघायच्या बेतात होता. खांदा देता आला.

हमीदभाई एरवी मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे आणि लग्नसराईत बेंजो वाजवायचे. शहरातल्या वाचकांना सांगायला हवं, आमच्याकडचा बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं, तारांचं, विजेवर चालणारं वाद्य. जोडीला ताशा, ढोल, कर्णे, जनरेटर, आणि हा सगळा संसार एका टेम्पोवर. मंडप माझा आणि वाजंत्री त्यांची, अशी आमची वर्षानुवर्षांची सोबत. माणूस तसा खडूस. कुणी येऊन अमकं गाणं वाजवा म्हणालं, की ते शांतपणे विचारायचे, "मिक्सर दुरुस्त करताना तुमी मला सांगता का, कुठला स्क्रू काढू?"

त्यांची स्वतःची म्हणावी अशी चाल एकच, आणि ती टेम्पो बंद पडल्यामुळं जन्माला आली. वेल्ह्यातल्या पासलीला लग्न होतं. नवरदेवाची मंडळी चढाला लागली आणि वाजंत्र्यांचा टेम्पो घरघर करून थांबला. वऱ्हाडी म्हणाले, उतरा खाली, म्हणजे वजन कमी होईल. हमीदभाई म्हणाले, "उतरायचं तर समद्या वायरी काढाव्या लागतील. तुमी ढकला, म्या वाजवतो." आणि खरोखरच बैठक न सोडता त्यांनी वाजवायला घेतलं. आधी दमानं, खांदे लागेपर्यंत, मग टेम्पो हलला तशी चाल पळायला लागली. वऱ्हाड ढकलता ढकलता नाचायला लागलं. नवरदेवसुद्धा फेटा सांभाळत मागून रेटत होता. मी वर मंडपात उभा राहून हे बघत होतो आणि हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या दिवसापासून भोर-वेल्हे दोन्ही तालुक्यांत कुठंही लग्न असलं, की सपाट रस्त्यावरही आरोळी उठायची, "हमीदभाई, चढाची होऊ द्या!"

पुढं डीजे आला. भिंती हादरवणाऱ्या आवाजापुढं बेंजो कोण ऐकणार? ताशावाला कंपनीत कामाला लागला, ढोलवाल्यानं रिक्षा घेतली, आणि घरचं झालं थोडं म्हणून सलीमनंच डीजेचा सेट आणला. बाप-लेकात भांडण झालं नाही. हमीदभाईंनी बेंजो चादरीत गुंडाळून दुकानातल्या फळीवर ठेवला आणि सलीमच्या स्पीकरची बिघडलेली वायर स्वतः जोडून दिली. त्यांना वाईट वाटलं नसेल असं मला म्हणायचं नाही.

अशात एके दिवशी दिलबहादूरनं त्याच्या गावचा व्हिडिओ पाठवला. हॉटेलशेजारच्या मंगल कार्यालयात त्यानं कधीतरी हमीदभाईंची चाल मोबाईलवर टिपली होती, ती गावी नेऊन तिथल्या वाजंत्र्यांना ऐकवली होती आणि आता ती तिथल्या लग्नांत रुळली होती. डोंगरावरचं गाव, सनईसारखी वाद्यं, मोठे नगारे, आणि चाल... चढाची. अगदी तीच. आमच्याकडच्या पोरांचं रक्त उसळलं. "चाचा, चोरली की तुमची चाल! चार शब्द लिहून पाठवू का त्यांना?" पिकतं तिथं विकत नाही, हे त्या पोरांना कोण सांगणार? त्यांच्यातल्या एकानंही आपल्या हळदीला हमीदभाईंना बोलावलं नव्हतं.

हमीदभाईंना चोरीचं काहीच नव्हतं. त्यांना खटकला तो वेग. "वाजवत्यात झ्याक," व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावत ते म्हणाले, "पण किती संथ! अशानं टेम्पो हलंल का?" त्यांनी लगोलग दिलबहादूरला फोन लावला आणि आपल्या हिंदीत सुनावलं, "उनको बोल, जरा जल्दी बजाव." तिकडून तो म्हणाला, "चाचा, यहाँ लड़की घर से जाती है, पहाड़ उतरती है, तब बजाते हैं. सब रोते हैं. जल्दी कैसे बजाएँ?" हमीदभाईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं, की जणू मीच ती पोरगी डोंगरावरून उतरवली होती.

मला गंमत वाटत होती, त्यांना नव्हती. फळीवरचा बेंजो खाली आला, तारा बदलल्या आणि त्यांनी ती चाल खऱ्या वेगात वाजवून, ताल टाळ्यांनी दाखवून, रेकॉर्ड करून पाठवली. तिकडं ती सगळ्यांना फार आवडली, पोरं नाचली म्हणे. आणि पुढच्या लग्नात मुलगी निघाली तेव्हा वाजंत्र्यांनी परत संथच वाजवली. त्या दिवशी दुकानात चहा घेताना ते म्हणाले, "सुरेशभाऊ, हितं बरोबर वाजवणारा म्या एकटा, तर मला कुणी बोलवत न्हाई. तितं समदं गाव वाजवतंय, पर चुकीचं. माज्यामागं ती चुकीचीच राहनार बगा." मी म्हटलं, राहतेय हे काय कमी आहे? त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. "तुमचा मंडप कुनी उलटा उभा क्येला, तर चालंल का तुमाला?"

मग त्यांच्या मुलीचं, शबानाचं, लग्न ठरलं. मंडप अर्थातच माझा. निकाह झाला, जेवणं झाली, पोरगी निघायची वेळ आली. सलीमचा डीजे तयार होता. हमीदभाईंनी त्याला हातानंच थांबवलं आणि बेंजो मांडीवर घेतला. त्यांनी चढाचीच सुरू केली, पण संथ, तिकडच्यासारखी. मी कनातीशी उभा होतो. चार पावलं चाल नीट गेली असेल... आणि बोटं पळायला लागली. त्यांनी थांबून परत सुरुवात केली. परत बोटं पळाली. पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. शबाना दाराशी उभी होती. हमीदभाईंनी बेंजो बाजूला ठेवला आणि म्हणाले, "हात ऐकंना. सलीम, लाव ती नेपाळची."

सलीमनं मोबाईल आपल्या सेटला जोडला आणि आमच्या भोरमध्ये, त्या भल्यामोठ्या स्पीकरमधून, कुठल्याशा डोंगरातल्या अनोळखी माणसांनी वाजवलेली हमीदभाईंची चाल सुरू झाली. शबाना बापाच्या गळ्यात पडली. तिच्या डोक्यावर त्यांचे दोन्ही हात होते. सगळे रडले, मीही रडलो. मंडपवाला सहसा रडत नाही, त्याला पुढं कनाती सोडायच्या असतात. गाडी गेल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "लोकांच्या पोरी म्या वाजवत वाजवत सासरी धाडल्या. माजी जाताना हात मोकळं होतं, ते त्यांच्यामुळं." पुन्हा त्यांनी वेगाचा विषय काढला नाही.

परवा माझा पंखा घेऊन दुकानात गेलो होतो. आता तिथं सलीम बसतो; लग्नं नसतात तेव्हा बापाचंच काम करतो. एका मोटारीत मान खुपसून तो गुणगुणत होता. चाल ओळखायला मला वेळ लागला. ती धड बापाच्या वेगातली नव्हती, नेपाळच्याही नव्हती. मधलीच कुठली तरी, त्याच्या पान्याच्या फिरण्यावर चाललेली. मी विचारलं, "काय रे, कुठल्या वेगात चाललंय हे?" त्यानं मान वर केली. "काय, काका? कुठं काय?" त्याला पत्ताच नव्हता. तो पुन्हा मोटारीत वाकला आणि थोड्या वेळानं गुणगुणणं सुरू झालं, तसंच... ते दुरुस्त करायला आता कुणी नव्हतं. मी स्टूल ओढून बसलो.