उन्हात धरलेली नोट

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर पाचशेची एक नोट उन्हात धरून बघितली. बायको अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी नोट उन्हात धरली, मग तिच्या मांडीवर टाकली. "बघ, तुझ्या भावानं काय दिलंय."

भाऊ म्हणजे मानलेला. तिच्या माहेरच्या आळीतला, आता सिरसाळ्याला राहून बकऱ्यांचा व्यापार करणारा. केजच्या बाजारात मी त्याला बोकड विकला होता. पुढच्या आठवड्यात पेंड आणायला गेलो, तर दुकानदारानं त्या पैशातली पाचशेची नोट निळ्या दिव्याखाली धरली. नोट चुन्यासारखी चमकली. "बाबा, खऱ्या नोटेचा कागद असा चमकत नसतो. दुसरी द्या." दुकानात चार माणसं बघत होती. बाहेर येऊन लगेच त्याला फोन लावला. "बहिणीच्या घरात खोटी नोट घालतोस का बे?"

"दाजी, तुमी तिथंच दहादा बघून घेतली की!"

ते खरं होतं. मी चौथी शिकलेलो, पण नोट बघायला मला कुणी शिकवू नये. उन्हात धरली की कोऱ्या जागेत चेहरा दिसला पाहिजे. नोट हलवली की मधली हिरवी तार निळी झाली पाहिजे. कडेच्या तिरक्या रेघांवरून नख फिरवलं की छपाई वर आलेली लागली पाहिजे. सख्ख्या भावाची नोटसुद्धा मी अशी बघितल्याशिवाय खिशात घातली नाही. मग ही आली कुठून? बाजाराच्या गर्दीत यानंच हातचलाखी केली, हे मी मनात पक्कं केलं.

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं नुसती बोटं फिरवली. "रेघा लागत्यात. खरी हाय. तुमचं मनच खोटं हाय."

"दिव्यापरीस तुझं बोट शहाणं का?"

"मग बँकेत दावा. पर त्याला आता काय बोलू नका. मला एकच भाऊ हाय."

बँकवाले नोट ठेवून घेतात अन् आपल्यालाच चौकीत बसवतात, असं मी म्हणालो. ती हसली आणि शेंगा फोडायला लागली.

तिसऱ्या दिवशी ती गेली. छातीत कळ आली, जीप येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्याला तो व्यापारी दुखवटा घेऊन आला. धोतर, टावेल, टोपी. बहिणीच्या माघारी भावानं दाजीच्या डोक्यावर टोपी घालायची, मग सुतक फिटतं. मी डोकं मागं घेतलं. "आधी ती नोट बदलून दे."

मांडवातली माणसं वळून बघायला लागली. त्यानं खिशातून दुसरी पाचशेची काढून दिली. "घ्या. पर मी खोटी दिली असं म्हणू नका, दाजी." मी तीही उन्हात धरली, हलवली, नख फिरवलं. सगळ्यांपुढं. तो धोतर-टोपी परत गाठोड्यात बांधून, काखेत मारून न जेवता गेला. मला वाटलं, चोर असल्यावर जायचाच.

महिन्यानं तिचं खातं बंद करायचा कागद द्यायला केजच्या बँकेत गेलो. त्यानं परत न घेतलेली बोकडाची नोट खिशातच होती. खिडकीतल्या बाईंपुढं टाकली. म्हणालो, "धरायचं तर धरा मला."

बाईंनी दिव्याखाली धरली, भिंगातून बारीक अक्षरं बघितली, तार बघितली. "बाबा, कपड्यांबरोबर धुतली होती का? पावडरीत कपडे उजळायचं औषध असतं, ते कागदात बसतं. मग खरी नोटही चमकते. ही खरी आहे."

तेव्हा आठवलं. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली होती, "अवो, सदऱ्याच्या खिशात नोट व्हती, भिजली. परातीखाली वाळत घातलीय." मी एवढंच विचारलं होतं, "फाटली तर न्हाई ना?"

तरी बाईंवर माझा भरोसा बसेना. बँकवाली कशाला खरं सांगंल? घरी आलो, तिनं ठेवलेल्या पुड्यातली पावडर पाण्यात टाकली आणि माझी एक शंभराची नोट रगडून धुतली. परातीखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंडीचं दुकान उघडायच्या आधीच दारात उभा राहिलो. दुकानदारानं दिवा लावला. शंभराची चुन्यासारखी चमकली.

"हीपण खोटी आहे, बाबा."

नोट खिशात घातली. जीप धरून सिरसाळ्याला गेलो. तिचा भाऊ बकऱ्यांना पाला टाकत होता. 'या' म्हणाला नाही. मी त्याची पाचशेची त्याच्यापुढं केली. "बोकडाची नोट खरी व्हती. तुझ्या बहिणीनं धुतली व्हती, म्हणून चमकली. ही तुझी तुला घे."

त्यानं घेतली. उन्हात धरली, हलवली, कडेवरून नख फिरवलं. मग उलटी करून परत धरली. मी बोडक्या डोक्यानं उभा. बकऱ्या पाल्याला लागल्या होत्या.

"आजून कुणी घातली का टोपी?" त्यानं विचारलं.

"कोण घालणार?"

तो घरात गेला आणि ते गाठोडं घेऊन आला. गाठ तशीच होती. मी डोकं खाली केलं.