न्हाणवाट राखणारा लिंबाजी

हिवरखेडीच्या जत्रेत प्रत्येक घराला काही ना काही मान आहे. कुणाकडे पालखीचा खांदा, कुणाकडे पहिली हलगी, कुणाकडे आखाड्यातला नारळ. रोडग्यांच्या घराकडे मान होता रिकाम्या जागेचा. हसू नका. लिंबाजी रोडग्यासमोर तर अजिबात हसू नका, कारण त्या रिकाम्या जागेवर त्याचा जेवढा जीव होता, तेवढा लोकांचा सातबाऱ्यावरच्या जमिनीवर नसतो.

दुधनेच्या काठावर सिद्धनाथाचं देऊळ, देवळापुढं जत्रेचं मैदान. मैदानाच्या नदीकडच्या अंगाला देवळापासून डोहापर्यंत जाणारा सात-आठ हात रुंदीचा एक पट्टा. त्याला म्हणायचं न्हाणवाट. चैत्रात जत्रेच्या मुख्य दिवशी देवाची पालखी त्या वाटेनं डोहावर न्हायला जाणार. बाकी सगळ्या मैदानात पाळणे, फुगे, बांगड्या, भजी, मौत का कुआँ, पाय ठेवायला जागा नाही. पण न्हाणवाटेवर एक टोपलं दिसायचं नाही. तिथं हातात काठी घेऊन लिंबाजी. त्याच्या आधी त्याचा बाप, त्याच्या आधी आजा. आणि पालखी निघाली की सगळ्यांच्या पुढं हा चालणार, वाट मोकळी आहे हे देवाला दाखवत. न्हाणं झालं की अर्धा नारळ याच्या हातात.

वर्षाचे बाकीचे दिवस लिंबाजी मानवतच्या जिनिंगला हमाली करी, नाहीतर कुणाच्या तरी शेतावर असे. तिथं त्याला कोण विचारतो? पण जत्रेचे चार दिवस त्याचा रुबाब ठाणेदाराच्या वर. बांगड्यावाली सरजाबाई तर तीस वर्षं त्याच्याशी लढत होती. दरसाल ती आपली पाटी इंच-इंच न्हाणवाटेकडं सरकवायची आणि दरसाल लिंबाजी काठीच्या टोकानं ती मागं ढकलायचा. ती त्याला 'उघड्या रानाचा जहागीरदार' म्हणायची. तो ऐकून घ्यायचा. खोटं सांगायचं कशाला, त्याला ते आवडायचं.

आता चूक कुठं झाली ती ऐका.

गावाची नगरपंचायत झाली आणि नदीकाठी हरितपट्टा मंजूर झाला. झाडं, बाकडी, फिरायला फरशीची वाट. मोजणी करायला साहेब आले, सोबत टेप धरणारे दोघं. भर उन्हाचं मैदानात दुसरं कोण असणार? लिंबाजी होता, लिंबाखाली पडलेला. साहेबांनी विचारलं की हा काठाचा पट्टा कुणाचा. लिंबाजी उठून बसला. असा प्रश्न त्याला जन्मात कुणी विचारला नव्हता. त्यानं छाती काढून सांगितलं, की साहेब, ही जागा कुणाचीच नाही, हिच्यावर कुणी बसत नाही, कुणी टोपलं ठेवत नाही, शंभर वर्षांत ठेवलेलं नाही, मी ठेवूच देत नाही. साहेब खूश. असली जागा सरकारला स्वप्नातसुद्धा मिळत नाही. त्यांनी कागदावर लिहिलं, 'जागा रिक्त, विनावापर', आणि खाली पंच म्हणून लिंबाजीची सही घेतली. यानं सही केली ती सुद्धा वळणदार, पूर्ण नावाची, आडनावासकट.

वर्षभरात वाट तयार झाली. आणि खरं बोलायचं तर झाली झकास. करंजाची, बहाव्याची रोपं, सिमेंटची बाकडी, सकाळी निवृत्त गुरुजी हात हलवत चालायलेत, बाया चप्पल काढून फरशीवर चालायलेत. नदीच्या बाजूला डोहापर्यंत पायऱ्या. मैदानाच्या बाजूला छातीएवढ्या उंचीची लोखंडी जाळी, चौकटीला चौकट नट-बोल्टनं आवळलेली. देवळाकडच्या तोंडाला चार दांड्यांचं फिरतं फाटक, मोटारसायकल आणि म्हशी आत येऊ नयेत म्हणून. एका वेळी एक माणूस, तोही अंग चोरून. लोकांनी त्याला पहिल्याच दिवशी नाव ठेवलं चरक, ऊस पिळायचा असतो तसा. मोठं फाटक एकच, पार दुसऱ्या टोकाला, स्मशानभूमीला लागून.

राखणदार म्हणून साहेबांना एकच माणूस आठवला. लिंबाजीला खाकी कपडे मिळाले, शिट्टी मिळाली, कुलपाची किल्ली मिळाली. मालनबाईनं, त्याच्या बायकोनं, ते कपडे इस्त्री करून आणले. तिच्या नवऱ्याला पहिल्यांदा बारमाही काम लागलं होतं, सावलीतलं. काम काय, तर जागा रिकामी ठेवायची. त्याला वाटलं, देवानं चांगलं केलं.

मग चैत्र जवळ आला.

माणिकराव पालखीचे मानकरी. भरदार माणूस, पोट त्यांच्या एक पाऊल पुढं चालतं. ते पालखीच्या दांड्याचं माप घेऊन चरकापाशी आले, दांडा लावून बघितला, आणि त्यांच्या ध्यानात आलं की देव आता न्हायला जाऊ शकत नाही. मोठ्या फाटकानं न्यावं तर मसणवाटेतून पालखी, ते कोण ऐकून घेणार? माणिकरावांनी अर्ज दिला, की जाळीच्या तीन चौकटी एका दिवसापुरत्या काढाव्यात. उत्तर आलं. ठेकेदाराची पाच वर्षांची हमी आहे, एक नट जरी सोडला तरी हमी रद्द होते. शिवाय जागा रिक्त व विनावापर असल्याचा पंचनामा सोबत जोडला आहे.

तो पंचनामा देवळाच्या सभामंडपात मोठ्यानं वाचला गेला. शेवटी सही वाचली गेली. लिंबाजी खाकी कपड्यांत खांबाला टेकून उभा होता. कुणी शिवी दिली नाही, एवढंच काय ते वाईट झालं. दिली असती तर निस्तरता आली असती. लोक नुसते त्याच्याकडं बघत राहिले, आणि सरजाबाई मागून हळूच म्हणाली,

"तीस वर्षं मला बसू दिलं न्हाई, आन् सरकारला आख्खी वाट देऊन टाकली की रे."

माणिकराव बाहेर पडताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लिंबाजी, गाठ तू घातलीस, तूच सोड. आमी काय बी म्हणत न्हाई." काहीच न म्हणणारी माणसं किती जड असतात ते त्याला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावून सांगितलं की जत्रेत जाळीला धक्का लागला तर राखणदार जबाबदार, आणि एखादी चौकट राखणदारानंच सोडली तर कपडे इथं ठेवून जायचं.

झालं. त्या दिवसापासून हा माणूस जाळीच्या आत फिरायचा तो पिंजऱ्यातल्यासारखा. मैदानातून जाणारा जो तो जाळीपाशी थांबून विचारायचा, काय लिंबाजी, देव कोणीकडून जायचा म्हणे? हा शिट्टी तोंडात धरायचा, म्हणजे उत्तर द्यावं लागू नये. घरी जावं तर मालनबाई खाकी शर्टाची बटणं तपासायला बसलेली. देवळात जावं तर देव समोर. डोहावर जाऊन बसावं तर तिथं पाटी, 'येथे आंघोळ करण्यास मनाई आहे'. ती पाटी त्यानंच रोवली होती.

उन्हामुळं वाट अकरा ते चार बंद असायची. त्या वेळात गाव झोपतं, कुत्रीसुद्धा बाकड्याखाली. जत्रेला पाच दिवस उरले असताना लिंबाजी दुपारी आत राहून चरकाला कुलूप लावायला लागला. मालनबाई भाकरी घेऊन चरकापाशी आली, तेव्हा हा चरकाशेजारच्या चौकटीपाशी उकिडवा बसलेला, हातात पाना.

"काय करायलाव?" तिनं विचारलं.

"गंज चढलाय का बगायलो."

तिनं फडकं सोडलं, भाकरी जाळीवरून आत दिली, चौकटीला एक बोट लावून पाहिलं. चौकट दातासारखी हलली.

"सोडून टाकायची तर सोडा, न्हाई तर न्हाई. हे आर्धं काय केलंय?"

मग त्यानं सांगितलं. सोडायची नव्हतीच. सोडली तर नाव याचं. नुसत्या ढिल्या करून ठेवायच्या. एवढी पालखी येणार, मागं एवढं रान भरून लोक, हलग्या, गुलाल, रेटारेटी. लोकांचा एक रेटा बसला की तीन चौकटी आडव्या. देवाची वाट मोकळी, आणि साहेबांना सांगायला लोक होतेच, लोकांपुढं राखणदार काय करणार? त्याला लोकांनी फक्त ढकलायचं होतं. हिवरखेडीची जत्रा आणि लोक ढकलणार नाहीत, असं कधी झालंय?

मालनबाईनं फडकं झटकून त्याची घडी केली. जाताना म्हणाली, "कपडे मातूर फाटू देऊ नका."

पाच दुपारी घालवून त्यानं तिन्ही चौकटींचे नट बोटानं फिरतील इतके ढिले केले. एका दुपारी एक म्हैस जाळीला पाठ घासायला आली. शिट्टी वाजवून वाजवून त्यानं तिला हाकललं.

जत्रेचा दिवस उगवला. पाळणे फिरायला लागले, मौत का कुआँ गुरगुरायला लागला. ऊन उतरायला पालखी देवळातून निघाली. दरसाल पुढं चालणारा लिंबाजी यंदा जाळीच्या आत, चरकापाशी, इस्त्रीच्या कपड्यात. हलग्या जवळ आल्या. गुलालाचा ढग जवळ आला. त्यानं मागं सरून चौकटी पडायला जागा करून ठेवली होती. आत बाकड्यावर बसलेल्या दोन बायांनाही उठवून पलीकडं पाठवलं होतं.

पालखी चरकापुढं येऊन थांबली. आणि लोकही थांबले.

नुसते थांबले. मागच्यांनी पुढच्यांना सांगितलं, सरकारी काम हाय, जपून. एकानं तर पालखीचा दांडा जाळीला लागू नये म्हणून मध्ये हात धरला. लिंबाजीला वाटलं, आता रेटतील. मग रेटतील. माणिकराव त्याच्याकडं बघत होते, तो त्यांच्याकडं. त्याला ओरडून सांगावंसं वाटत होतं की ढकला, एका बोटाचासुद्धा जोर लागायचा नाही. पण ते सांगणं म्हणजे चौकट सोडण्यासारखंच. तोंडात शिट्टी होती, ती तशीच राहिली.

तेवढ्यात सरजाबाई बांगड्यांच्या पाटीमागून उठली. म्हणाली,

"पालखी मावत न्हाई तर देवाला खाली घ्या की. लेकराला न्हाणायला न्हेताना पाळणा घेऊन जातेत व्हय?"

आधी एक म्हातारा हसला. मग सगळेच. माणिकरावांनी वर सिद्धनाथाच्या शिखराकडं पाहिलं, हात जोडले, पालखीतला चांदीचा मुखवटा उपरण्यात गुंडाळून छातीशी धरला आणि चरकात शिरले. शिरले ते अडकले. देव आत, पोट बाहेर. लिंबाजीलाच दांडी धरून त्यांना फिरवून आत घ्यावं लागलं. त्यांच्यामागं हलगीवाला, त्याच्यामागं बाया, पोरं, म्हातारी, एकेक, ओळीनं, अंग चोरून. कुणी कुणाला ढकललं नाही. असली शिस्त हिवरखेडीनं रेशनच्या दुकानातही कधी दाखवलेली नाही.

आणि दांडी धरून उभा कोण? लिंबाजी. चरक नवा होता, करकरत होता, गर्दीनं उलटा फिरून एखाद्याचं बोट सापडलं असतं, म्हणून त्याला हात सोडता येईना. लोक पुढं जात होते आणि तो एकेकाला फिरवून आत घेत होता. पाठीमागं डोहावर "हर हर महादेव" झाला. जन्मात पहिल्यांदा देवाचं न्हाणं त्यानं नुसतं ऐकलं. अर्धा नारळ आला तो सुद्धा या हातातून त्या हातात करत, आणि घ्यायला हात मोकळा नाही म्हणून कुणीतरी त्याच्या शर्टाच्या खिशात कोंबला. पाणी सांडून इस्त्री गेली.

परत येताना माणिकराव एवढे खूश, की त्यांनी तिथंच जाहीर केलं, पुढच्या सालीही असंच न्यायचं. लेकरागत देव कडेवर, चेंगराचेंगरी नाही, काही नाही. अर्ज मागं घेतो म्हणाले. साहेबांनी लिंबाजीचा फोटो काढला आणि दरसाल जत्रेला चरकावर हाच माणूस राहील असं लेखी दिलं. कुणाच्या मनात राग उरला नाही. चौकटी काढा म्हणणाराही उरला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, वाट बंद असताना, लिंबाजी पाना घेऊन पुन्हा त्याच जागी बसला. चौकटी आता आवळायच्या होत्या, नाहीतर एखाद्या पोरावर पडल्या असत्या. बाहेरच्या बाजूला, चरकाच्या अगदी तोंडाशी, न्हाणवाटेच्या तोंडाशी, सरजाबाई पाटी मांडून बसली होती. येणारा-जाणारा इथूनच जाणार, एवढं तिला कालच कळलं होतं.

"आक्का, ऊठ तिथून," लिंबाजी म्हणाला. "न्हाणवाट हाय ती."

"न्हाणवाट तुझ्या बाजूला," ती म्हणाली. "मी बाहेर हाय."

काठी घरी होती. तिला उठवायचं तर कुलूप काढून चरकातून बाहेर यावं लागलं असतं. तो खाली बसला आणि नट फिरवायला लागला. आतून पाना फिरला की बाहेरचा बोल्टही सोबत फिरायचा, आवळला जाईना. सोडताना हाताला हलकं लागलेलं काम आता एकट्याच्यानं होईना.

सरजाबाई बसल्या जागेवरून सरकली आणि बांगड्या भरायच्या दोन बोटांत तिनं बाहेरून बोल्टचं डोकं घट्ट धरलं.

"हे कवापासून ढिले हायेत रे?"

"वाऱ्यानं होतेत," लिंबाजी म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली. "मी धरते. तू आवळ."