अक्काच्या मज्जेची काच

अंबाजोगाईच्या एका दवाखान्यात मी रक्त तपासायचं काम करते. माझी थोरली बहीण, अक्का, युसूफ वडगाव या गावात शिवणकाम करायची. त्या उन्हाळ्यात तिच्या बोटाला सुई टोचली आणि दुपारपर्यंत रक्त थांबलंच नाही. मांड्यांवर काळेनिळे डागही होते. "मशीन लागली असंल," ती म्हणाली. मी तिला बळंच घेऊन आले.

डॉक्टर मॅडमनी कमरेच्या मागच्या हाडात जाड सुई घातली. हाडातली मज्जा ओढताना अक्का ओरडली, "माय गं!" मला तिचा हात धरता आला नाही. मज्जा लगेच गोठते, आणि ती काचेवर पसरायचं काम माझंच होतं.

रंग चढवून काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. निरोगी मज्जेत सगळ्या वयाच्या पेशी दिसतात. एकाच मूळ पेशीतून तांबड्या, पांढऱ्या आणि रक्त थांबवणाऱ्या पेशी घडत जातात. तांबडी पेशी लहान होत होत शेवटी आपलं केंद्रक टाकून देते, मगच रक्तात उतरते. अक्काच्या मज्जेत यातलं जवळपास काहीच नव्हतं. जिकडं बघावं तिकडं मोठ्या केंद्रकाच्या कच्च्या पेशी. पिकायचं सोडून नुसत्या वाढत सुटलेल्या. मॅडमनी पाहिलं, "रक्ताचा कॅन्सर," म्हणाल्या आणि मला खुर्चीवर बसवलं.

वॉर्डात अक्कानं विचारलं, "काय दिसलं गं?"

"रक्त कमी हाय. चढवलं की बरी होशील."

"मंग पोरीला कळवू नगं. तिची परीक्षा हाय."

तिची लेक लातूरला शिकत होती. दाजी आधीच वारलेले, त्यामुळं उपचारांच्या कागदावर सही मीच केली. आठ दिवस मी खरं बोलले नाही. नवव्या दिवशी ताप चढला, तेव्हा सांगितलं.

"आत्ता सांगतीस व्हय?" ती म्हणाली. "बोलीव तिला."

पोर पोचली तेव्हा अक्का शुद्धीवर नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

तेराव्याला पोरीनं मला एकटीला गाठलं. "मावशी, तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मंग मला कावून न्हाई सांगितलं?"

तुझ्या आईनंच नको म्हटलं होतं, असं मी म्हणणार होते. पण तिनं ते म्हटलं होतं मी खोटं सांगितल्यावर. तेवढं सगळं पोरीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. त्यानंतर ती माझ्या घरी आली नाही.