थांबायचं विसरलेला कालवा

मला मुलगी दिली ती माझ्याकडे बघून नव्हे, कालव्याकडे बघून. सासरे सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचे. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेलं घर, आता थोडी जमीन कसू लागलेलं. त्या बाजूला पाऊस घाईतल्या पाहुण्यासारखा येतो आणि चहासुद्धा न घेता जातो. मी साताऱ्याला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत. बघायला आले तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. एवढंच विचारलं, "कालवा तुमीच करता न्हवं?"

मी हो म्हणालो. ते अगदीच खोटं नव्हतं. कालव्याच्या तळाची पातळी दर शंभर मीटरला किती असावी, ही आकडेमोड मी करत असे. फक्त मंजूर कालवा चोविसाव्या किलोमीटरला संपत होता आणि सासऱ्यांचं गाव त्याच्याही पुढे दोन कोसांवर होतं. हे मी सांगितलं नाही, कारण ते कुणी विचारलं नाही.

लग्नानंतर दर खेपेला पायांवर पाणी घ्यायच्या आधी प्रश्न यायचा, "पावणं, कालवा कवा येतुया?" मी म्हणायचो, "काम चालू आहे." पहिल्या वर्षी माझ्या ताटात मटणाच्या फोडी जास्त आणि रस्सा कमी असे. तिसऱ्या वर्षी रश्शात फोड शोधावी लागू लागली. बायको म्हणाली, "आवं, एकदाचं खरं सांगून टाका, न्हाईतर पुढच्या वर्षी नुसती भाकरी मिळंल." पण मला धीर होईना.

तेवढ्यात आमच्या कचेरीतला जुना संगणक मोडीत निघाला आणि हुकूम आला, की यापुढे हे काम सांगलीच्या एका कॉलेजातल्या नव्या यंत्रावर करायचं. साहेबांचं मत असं, की प्रोग्रॅम फोरट्रान या संगणकी भाषेत लिहिलाय, तिथलं यंत्रही फोरट्रान समजतं, मग अडचण काय? सासरवाडी बदलली म्हणून जावई बदलत नाही! माझंही मत तेच होतं, फक्त मी ते इतक्या जोरात सांगत नव्हतो.

प्रोग्रॅम म्हणजे भोकं पाडलेल्या पंचकार्डांचा गठ्ठा; त्याचा खोका मांडीवर घेऊन मी एसटीत बसलो. उंब्रजला एक बाई चढल्या आणि त्यांनी कोंबडीची पाटी सरळ माझ्या खोक्यावर ठेवली. मी काही बोलणार तोच त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी उलट पाटीला हात देऊन धरून बसलो. कोंबडीनं कार्डांना काही केलं नाही हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढे माझा सगळा संशय तिच्यावर गेला.

सासरे त्या दिवशी मिरजेच्या बाजाराला शेळ्या घेऊन आले होते. शेळ्या विकून, खांद्यावर घोंगडं टाकून ते जावयाचं मशीन बघायला कॉलेजात हजर झाले. यंत्र सांभाळणारे गणिताचे सर होते. त्यांनी मामांना, म्हणजे सासऱ्यांना, पायताण बाहेर काढायला लावलं. मामांनी ते काढलंच, वर यंत्राला हातही जोडले.

यंत्र सुरू झालं. छपाईचा कागद घड्या घालत खाली पडू लागला. डावीकडे अंतर, उजवीकडे तळाची पातळी. सगळं साताऱ्यासारखंच. चोवीस पूर्णांक शून्य छापलं गेलं आणि मी समाधानानं खिशातलं पेन काढलं.

यंत्रानं चोवीस पूर्णांक एक छापलं. मग चोवीस पूर्णांक दोन.

"अहो, हे थांबायला हवं होतं," मी म्हणालो.

"का म्हून?" मामा कागदावर वाकले. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कालवा पुढे चाललाय हे कळत होतं. "आता कुटं आला?"

"सव्वीस."

"म्हंजी बाभळीचा माळ. आन्‌ आता?"

"एकोणतीस."

"आमच्या वड्यापाशी आला की वो!" ते उठून उभे राहिले. तिसाव्या किलोमीटरला कालवा त्यांच्या शिवारात शिरला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी यंत्र बंद केलं तोवर कालवा कर्नाटकात पोचला होता.

मी म्हणालो, "तुमच्या यंत्रात बिघाड आहे. नाहीतर ती कोंबडी."

"नाचता येईना अंगण वाकडं," सर म्हणाले, आणि कार्डं चाळायला बसले. कोंबडीचं काय ते त्यांनी विचारलं नाही.

दोष अखेर सापडला. मी यंत्राला सांगितलं होतं, की अंतरात दर वेळी एक दशांश मिळवत जा आणि बरोब्बर चोवीस झालं की थांब. आमचं जुनं यंत्र माणसांसारखं दहाच्या हिशेबात मोजायचं, त्यामुळे ते बरोब्बर चोविसावर यायचं. हे नवं यंत्र दोनाच्या हिशेबात मोजणारं. आपण एकाला तिनानं भागलं की तीन-तीन-तीन संपत नाहीत, तसा याला एक दशांश कधी संपतच नाही. म्हणून ते शेपूट कापून टाकतं. शेपूट कापलेले इतके तुकडे जोडल्यावर बेरीज चोवीसला केसभर कमी पडते. छापताना मात्र ऐटीत चोवीस पूर्णांक शून्य! नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. आणि बरोब्बर चोवीस कधी होतच नाही म्हटल्यावर ते बिचारं थांबणार तरी कुठे?

उपाय साधा होता. टप्पे पूर्णांकात मोजायचे, कारण पूर्णांक कुठल्याही यंत्रात गेले तरी सारखेच वागतात. मी दोन नवी कार्डं पंच करायला बसलो.

"काय करताय?" मामांनी विचारलं.

"चूक दुरुस्त करतोय, मामा."

"कसली चूक?"

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी सगळं सांगितलं. मंजूर कालवा चोविसालाच संपतो, पुढचा सगळा यंत्राचा घोटाळा. मामांनी कागदाच्या घड्यांवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "जावयबापू, येवढं लांब चालत आलंय त्ये. ऱ्हाऊ द्या की चूक."

मी चूक राहू दिली नाही. नव्या कार्डांनी कालवा चोविसावर गपकन थांबला. मामांनी आधीचा कागद मागितला. सरांनी तो रद्दी समजून हसत देऊन टाकला. ते भेंडोळं घोंगड्यात गुंडाळून मामा एसटीत बसले. मला फार वाईट वाटलं, आणि प्रोग्रॅम बरोबर चालल्याचा आनंदही झाला. दोन्ही एकदम होत होतं, त्याचा रागही आला.

दिवाळीला सासरवाडीला गेलो. पारावर बसलेला एक म्हातारा मला बघून शेजाऱ्याला म्हणाला, "ह्योच त्यो. कालवा आपल्या शिवारातनं पार कर्नाटकापातूर गेल्ता, ह्या गड्यानं माघारी नेला." पुढे कित्येक वर्षं त्या गावात माझी हीच ओळख राहिली. कागद कुठे आहे असं विचारलं, तर सव्विसापासून पुढचा कालवा शेळीनं खाल्ला होता.

मामा मला शेतात घेऊन गेले. ओढ्याच्या काठापासून त्यांच्या जोंधळ्यापर्यंत एक पाट खणलेला होता. सरळ, नीट, बांध चोपून बसवलेला. कालवा जिथून जाणार होता तिथे पाटाचं तोंड उघडं ठेवलं होतं. तळाशी धूळ आणि शेळ्यांच्या लेंड्या.

"मामा, हा कधी खणला?"

"मिरजंहून आल्याव."

"पण मी तर तेव्हाच सांगितलं होतं ना, कालवा इथं येत नाही म्हणून."

मामांनी वाकून पाटात वाढलेलं एक काटेरी झुडूप उपटलं आणि बांधापलीकडे फेकलं.

"सांगितलं हुतं," ते म्हणाले. "पर मशीनच हाय त्ये. पुन्यांदा कवातरी चुकंल की."