रेषेवर टेकलेला चेंडू

आज सकाळी सोसायटीच्या पिकलबॉल कोर्टवर सुलभाताईंनी जाळीजवळ सुरेख फटका मारला. आम्ही बाकावरचे टाळ्या वाजवू लागलो, पण त्या स्वतःच्या बुटाकडे पाहत होत्या. जाळीलगतच्या पट्ट्याला किचन म्हणतात. तिथे पाय ठेवून टप्पा न पडलेला चेंडू मारायचा नसतो. "रेषेला पाय लागला माझा. जन्म किचनमध्ये गेला, सवय जाते का?" म्हणत त्यांनी गुण सोडून दिला.

आमच्या एकेरीत पंच नसतो, जोडीदारही नसतो. आपल्या बाजूचा चेंडू आत की बाहेर, हे आपणच सांगायचं. रेषेवर टेकला तर आत, शंका आली तरी आत. नियम साधाच, पण माणसाला फार एकटं पाडणारा.

परवा सुलभाताईंविरुद्धच्या अकरा गुणांच्या अंतिम सामन्यात मी दहा, त्या नऊ आणि सर्व्हिस माझी. त्यांचा चेंडू माझ्या मागच्या रेषेवर टेकलेला मी पाहिला आणि "बाहेर" म्हणालो. कप टीव्हीशेजारी ठेवलाय. तेव्हापासून मी टीव्ही लावलेला नाही.

सुलभाताईंसमोर खेळायची माझी पाळी आली.

"सुलभाताई, परवाचा शेवटचा चेंडू रेषेवर होता."

आमच्याकडे गुण सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळतो. म्हणजे तेव्हा गुण कुणालाच नव्हता, फक्त सर्व्हिस त्यांच्याकडे जायला हवी होती.

स्वतःचे गुण विषम असले की सर्व्हिस डावीकडून करतात, आणि आधी स्वतःचे गुण पुकारतात. सुलभाताई चेंडू घेऊन सावकाश डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नऊ-दहा."