तिच्या अंगणातला पहारा
मोहफुलं वाळत घातल्याचा वास आला, की मला आमच्या गावातली, अंगणात मोहफुलं वाळवणारी ती एकटी राहणारी विधवा आठवते. पंच्याऐंशी सालाच्या सुमारास गावात दोन लेकरं तापानं गेली आणि काही माणसं तिला करणी करणारी ठरवून काठ्या घेऊन निघाली. माझी आई शेजारच्या बायांना घेऊन तिच्या अंगणात जाऊन बसली. “आधी आमाले मारा,” आई म्हणाली, तशी माणसं परतली. मग बाया रोज पाळीपाळीनं तिथं बसू लागल्या. एके दिवशी त्या विधवेनं सगळ्यांसाठी चहा केला, पण कोणीच कपाला हात लावला नाही, आईनंही नाही. “तुमी बी मले भेता काऊन?” तिनं विचारलं. दुसऱ्या दिवशी ती सिरोंच्याला बहिणीकडे गेली, ती कायमचीच. आईनं तो चहा घेतला असता तर ती राहिली असती, असं मला अजूनही वाटतं.