वेशीवरचे रंगवलेले दगड

काल बाजारातून येताना वेशीपाशी थांबलो. शिडीवर उभा राहून एक पेंटर ब्रशने दगड काढत होता. आत खरे दगड आहेत. पालिकेने जतनाच्या कामात त्यांच्यावर सिमेंटचा गिलावा फासला, आणि आता त्या गिलाव्यावर पांढऱ्या रेघा ओढून खोटे दगड काढणं चाललंय.

"काय रे, आतले दगड काय वाईट होते?" मी विचारलं.

"काळे, खडबडीत होते बाबा. साहेबांना एकसारखे पायजेत."

त्या खडबडीत दगडांवर माझ्या बापाच्या टाकीचे घाव होते. वेशीची ढासळलेली बाजू त्याने नि मी मिळून पुन्हा बांधली. त्यापायी माझी शाळा सुटली, पण त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वेस टिकावी म्हणून घरपट्टीबरोबर जादा कर बसला तेव्हा सगळी गल्ली कुरकुरली; मी मात्र पहिल्याच दिवशी भरून आलो. मला वाटलं, जतन म्हणजे आहे ते राहू देणं. पण यांना म्हातारं काही बघवतच नाही. माणूस असो की भिंत, गुळगुळीत केली की ती जपली असं यांना वाटतं.

वर नीट पाहिलं, तर पेंटरने प्रत्येक उभ्या सांध्याखाली बरोबर दुसरा उभा सांधा काढलेला. आम्हा पाथरवटांत असं बांधणाऱ्याला कुणी दुसऱ्या दिवशी कामावर घेत नसे.

"सांध्यावर सांधा घेऊ नको," मी म्हणालो. "भिंत चिरते."

तो हसला. "बाबा, ही काय खरी भिंत आहे?"

"परवापर्यंत होती."